दोनशे लिटर गंगा

“बूच लाव. आधी ते बूच लाव, मेल्या. माझं मरण गटारात सोडतोयस तू.”

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून माझी आत्या ओरडत होती आणि मी खाली कंपाउंडमध्ये मेटॅडोरच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात टाकीचं नुकतंच सुटलेलं बूच, आणि टाकीतून निघालेली हिरवी धार नेम धरल्यासारखी माझ्या बनियनवर. आत्याचा आवाज कसा होता ते आज सांगून कुणाला पटायचं नाही. मीरा रोडच्या आमच्या सिल्व्हर पार्कात ती नुसतं “अरे” म्हणाली तरी भाईंदरच्या मिठागरांवरचे बगळे उडायचे. त्या दुपारी तर ती पूर्ण वाक्यं बोलत होती. आमच्या विंगच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. समोरच्या विंगच्याही उघडल्या. बेव्हर्ली पार्कला तेव्हा बांधकाम चालू होतं, तिथल्या बिल्डिंगांना अजून खिडक्या बसल्या नव्हत्या, नाहीतर त्याही उघडल्या असत्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती मासींनी मान वर करून विचारलं, “क्या हुआ, बेन?”

“मेरा गंगा,” आत्या म्हणाली. “इसने गटर में छोड दिया.”

“आत्ये, पाणी कुजलंय,” मी गाडीखालून म्हणालो.

“गंगा कुजत नाही. तूच सांगितलंस.”

ते खरोखरच मी सांगितलं होतं. मी मुकाट्याने बूच लावलं आणि तसाच पडून राहिलो. बाहेर येण्यापेक्षा गाडीखाली बरं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला वाढवलं तिने, बदडलं तिने, आणि आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला आलो तेव्हा सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून त्याला रस्ता दाखवला तोही तिनेच, ती स्वतः इकडे पहिल्यांदा येत असताना. तिचं गाव रत्नागिरीच्याही पुढे. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोचं काहीतरी अडलं होतं, तेव्हा आत्याने गावच्या देवीला ओटी भरायचा नवस बोलला. मुलगी सुखरूप झाली, रांगली, चालली, बालवाडीत जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना चावायलाही लागली, पण नवस तसाच राहिला. “देवी वाट बघतेय,” आत्या दर मंगळवारी म्हणायची, आणि माझ्याकडे असं बघायची की जणू देवीला मीच स्टॉपवर उभं करून ठेवलंय.

जायला अडचणी दोन. एक तिचे गुडघे. पाय लांब केल्याशिवाय तिला तासभरही बसवायचं नाही, आणि एसटीत पाय लांब करायचे तर पुढच्या सीटवरच्या माणसाच्या खांद्यावर. दुसरी अडचण पाणी. आत्या बाहेरचं पाणी पीत नसे. हॉटेलातल्या ग्लासातल्या द्रवाला ती पाणी म्हणतच नसे. “ते पाणी नव्हे, ते नुसतं ओलं,” असं तिचं मत होतं. परळहून दादरला जायचं असलं तरी ती घरून बाटली घ्यायची.

तेव्हा मी ठाण्याला एका केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर होतो. रद्दीवाल्याकडे एका परदेशी मासिकात मी चाकांवरच्या घराचे फोटो पाहिले: आत पलंग, ओटा, बेसिन, नळ. त्या फोटोंनी माझी झोप उडवली. सहा महिन्यांत मी एका बेकरीची निकालात काढलेली मेटॅडोर घेऊन आलो. तिच्यात खारी-बटरचा वास इतका मुरला होता की नुसतं आत बसलं तरी भूक लागायची, आणि मुंग्या तर गाडीबरोबर फुकट आल्या होत्या. मी तिच्यात पलंग ठोकला, ओटा बसवला, आणि पलंगाखाली दोनशे लिटरची प्लॅस्टिकची टाकी बसवली. तिथून पाइप, पाइपला पायाने दाबायचा पंप, आणि पंपाच्या वर चकचकीत पितळी नळ. नळाला पाणी येईपर्यंत पाय मारत राहायचं. आत्या पहिल्यांदा बघून म्हणाली, “हे तर शिवणयंत्र आहे.” मी गाडीला कॅरॅव्हॅन म्हणायचो. वॉचमन तिला ‘वो पानीवाली गाडी’ म्हणायचा. आत्या म्हणायची, ‘आमचा गाडा’.

पाइप-पंपाचं काम केलं ते खाडीकडच्या गावातल्या एका प्लंबरने. माणूस हुशार. टाकी बघितल्याबरोबर तो म्हणाला होता, “शेठ, टाकी काली घ्या. ही पांढरी हाय. उजेड आत जातंय. शेवाल धरल.” मी त्याला म्हणालो की काळी टाकी दिसायला वाईट. परदेशी मासिकात पांढरी होती. त्याने खांदे उडवले.

आता मीरा रोडला पाणी काय चीज होती ते सांगायला हवं. आम्ही राहायला आलो त्या वर्षांत नळाचं पाणी हे मानाच्या पाहुण्यासारखं होतं. येतो येतो म्हणून कळवायचं आणि यायचं नाही. बोअरिंगचं पाणी इतकं खारट की त्यात धुतलेला शर्ट वाळला की हँगरशिवाय उभा राहायचा. टँकर आला की बायका पदर खोचून अशा निघायच्या की लढाईच. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील एकटेच, न कळवता, घर बघायला आले. तो पाणी न आल्याचा चौथा दिवस. घरात पिंपं पालथी, हंडे पालथे. मी चांगलाच ओशाळलो. आत्या म्हणाली, “बसा, चहा टाकते,” आणि आत गेली. थोड्या वेळाने खरंच एक कप चहा घेऊन बाहेर आली. एकच कप. मला नाही, तिला नाही. पाहुण्यांनी तो पिऊन बशीही साफ केली आणि जाताना लग्नाला हो म्हणून गेले. सासरेबुवा आजवर म्हणतात की तसा चहा पुन्हा कुठे मिळाला नाही. मी नंतर आत्याला विचारलं होतं, पाणी कुठून आणलंस. ती म्हणाली, “होतं.”

असल्या ठिकाणी गाडीत दोनशे लिटर पाणी बाळगायचं म्हणजे सोनं बाळगण्यासारखं. आणि नुसतं बाळगून भागत नाही. आदल्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एका बिल्डिंगच्या टाकीत कबूतर पडलं आणि निम्मी बिल्डिंग काविळीने पिवळी झाली. तेव्हापासून माझी बायको पाण्याच्या बाबतीत पोलिसासारखी वागायची. मीही कमी नव्हतो. दर प्रवासाआधी बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, टाकी काठोकाठ भरायची, मग नळाला ब्लीचिंगचा वास येईपर्यंत पाय मारायचा, म्हणजे पाइपही धुतला जातो. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सगळं सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळायचं. पाणी भरायचा पाइप वेगळा, त्याला गाडी धुवायला हात लावायचा नाही. टाकीच्या झाकणाला जाळी. टाकीच्या आतल्या कोपऱ्यात हात पोचत नसे, त्यावर मी एक युक्ती काढली होती. टाकी ब्लीचिंगच्या पाण्याने अर्धी भरायची आणि गाडी मीरा रोडच्या खड्ड्यांतून भाईंदरच्या फाटकापर्यंत नेऊन आणायची. टाकीच काय, माझी आतडीसुद्धा घुसळून स्वच्छ व्हायची.

एवढं सगळं रीतसर चाललेलं असताना मधे आला तो एक शब्द. शिळं.

आत्याच्या हिशोबी पाणी एका दिवसात शिळं होतं. नळाला नवं पाणी आलं की कालचे हंडे ओतून द्यायचे, घासायचे, नवं भरायचं. पाणी चौथ्या दिवशी येवो की पाचव्या, हा नियम तिने पाळला. लोक थेंब थेंब साठवायचे आणि आमच्या मोरीतून कालचं पाणी खळखळत जायचं. बाकीचे आम्हाला श्रीमंत समजायचे. तिने हा नियम गाडीला लावला नसता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण एका सकाळी कंपाउंडमध्ये ओहोळ वाहताना दिसला, आणि त्याच्या उगमाशी बघतो तर आत्या मेटॅडोरमध्ये बसून शिवणयंत्र मारतेय. मी तिसऱ्या मजल्यावरून चौदा बादल्या उतरवून भरलेली टाकी तिने रिकामी केली होती. एरवी भाजी आणायला तिचे गुडघे दुखायचे. दुसऱ्याने भरलेलं पाणी ओतायचं असलं की तेच गुडघे सोळा वर्षांचे व्हायचे.

“शिळं झालं होतं,” ती म्हणाली.

तीनदा असं झालं. बेचाळीस बादल्या. खरं तर साठवलेलं पाणी फार दिवस ठेवू नये हे मलाही ठाऊक होतं, आत्याचं शिळं आणि माझी निवळी एकाच गोष्टीच्या मागे होती. पण माझे खांदे निखळायला आले होते, आणि खांदा दुखायला लागला की माझं डोकं वाकडं चालतं.

चौथ्या वेळी आत्या चावी घेऊन खाली आली तेव्हा कंपाउंडमध्ये मासी होत्या, वॉचमन होता, पाच-सहा बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “आत्ये, आजपासून ओतायचं नाही. यात मी गंगा घालणार आहे. ऑफिसातला माणूस काशीहून आणतोय. गंगा शिळी होत नाही. आणि गंगेत मिळालेलं पाणी ते गंगाच.”

ऑफिसातला माणूस विरारच्या पुढे कधी गेला नव्हता.

आत्या थांबली. बायका तिच्याकडे बघायला लागल्या. “कुणाची कसली गंगा,” ती म्हणाली. “बाटलीत भरून कुणीही काहीही विकतो.”

“मग तुझ्या गडूतली घाल,” मी म्हणालो.

हे मी अगदी निर्धास्त होऊन म्हणालो. आमच्या देव्हाऱ्यात आत्याचा गंगेचा गडू होता. मुठीएवढा, तांब्याचा, तोंड कथलाने झाळून बंद केलेला. तिच्या सासूने काशीहून आणलेला. अखेरच्या क्षणी त्यातलं पाणी तिच्या तोंडात घालायचं, ते मी घालायचं, हे मला समजायला लागल्यापासून ठरलेलं. तिच्या उशाशी कोण असणार, कुठल्या बाजूने असणार हेही तिने नेमून दिलं होतं. तो गडू ती फोडणं शक्य नव्हतं. म्हणजे ती गप्प बसणार, चावी परत देणार, आणि माझ्या बादल्या वाचणार.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग बायकांकडे पाहिलं. वर गेली, गडू घेऊन खाली आली, वॉचमनच्या हातोडीने आणि खिळ्याने तोंड उघडलं आणि टाकीचं झाकण काढून गडू उपडा केला. मला वाटलं होतं ती निदान डोळे पुसेल. ती इतकी सहज मोकळी झाली की मीच हादरलो. गडूचं झाळकाम एका बाजूला जरा नवंच दिसत होतं, पण अशा वेळी झाळकाम कोण बघतो.

“आता नाही ओतणार,” ती म्हणाली आणि वर गेली.

बायकांनी तिथल्या तिथे गाडीला हात जोडले. दुसऱ्या दिवशी बोनेटवर कुणीतरी झेंडूचा हार घातला. मासी रोज सकाळी वाटी घेऊन यायच्या, “थोडासा, आचमन के लिए,” आणि मी ऑफिसला जायच्या घाईत पाय मारून त्यांना चमचाभर गंगा द्यायचो. चतुर्थीला रांग लागली. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतून एक आजीबाई रिक्षा करून आल्या. गाडी हलवायची सोय राहिली नाही, गाडीत चपला घालून चढायचीही राहिली नाही. पाणी थोडं कमी झालं की आत्या वरून नळाच्या पाण्याची कळशी पाठवायची. गंगेत मिळालं की गंगाच, हे तिने नीट लक्षात ठेवलं होतं.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. ऊन असं तापलं की गाडीच्या टपावर पापड न तळता फुलायचे. पांढरी टाकी दर्शनासाठी उघड्या ठेवलेल्या दारातून येणाऱ्या त्या उन्हात दिवसभर चमकायची. आणि एका सकाळी मासींच्या वाटीत मी पाय मारला तर फिक्कट हिरवं काहीतरी आलं. मासींनी ते डोळ्यांना लावलं. प्यायल्या मात्र नाहीत, तुळशीत घातलं. आठवड्याने नळातून पुदिन्याची चटणी येऊ लागली. मी झाकण उघडून आत वाकलो आणि शपथेवर सांगतो, आतून कुणीतरी डरांव केलं.

“गंगा हिरवीच असते,” आत्या म्हणाली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची माझी रजा मंजूर झाली होती. गावी जायचं होतं, ओटी भरायची होती. बायकोने टाकीत एकदाच डोकावून पाहिलं आणि जेवायला वाढताना शांतपणे सांगितलं, “अहो, ती टाकी धुतल्याशिवाय मी आणि पोरगी त्या गाडीत बसणार नाही. कावीळ घेऊन देवीकडे जायचं का?”

“गंगा गटारात गेली तर मी बसणार नाही,” आत्या म्हणाली. “मग देवीला काय सांगायचं ते तुम्ही दोघं सांगा.”

बायको बसली नाही तर मुलीचा नवस मुलीशिवाय. आत्या बसली नाही तर ज्या बाईने नवस बोलला तिच्याशिवाय. आणि पुढच्या वर्षी आत्याचे गुडघे जिना तरी उतरतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला वेगळं बोलावून सांगितलेलं होतं. तेव्हा मी ठरवलं की चोरून करायचं. आत्या दुपारी दोन ते चार झोपते. प्लंबरला बोलावलं, पाना घेतला, गाडीखाली शिरलो, बूच सोडलं. आणि आत्याला नेमकी त्या दिवशी झोप आली नाही.

तर मी गाडीखाली, आत्या गॅलरीत, आणि दोन्ही विंगा खिडकीत. एवढ्यात चाकाला टेकून बिडी ओढत बसलेला प्लंबर उठला आणि वर बघून सावकाश म्हणाला, “मावशे, गटारान न्हाय सोडायचा ना? मंग तुलशीला घाला. देवाचा पानी झाराला जाते. त्यान पाप न्हाय.”

आत्याने कठड्यावरून वाकून प्लंबरकडे पाहिलं. निर्माल्याचं पाणी तीही तुळशीतच घालायची. “सगळं,” ती शेवटी म्हणाली. “एक थेंब गटारात गेला तर बघ. आणि शेवटचा तांब्या माझा. गडू पुन्हा भरून झाळून घ्यायचा.”

दोन विंगा, चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं. मी त्या दुपारी बत्तीस कुंड्यांना गंगा पोचवली. जिने चढता चढता माझा जीव इतका कासावीस झाला की गडूतल्या पाण्याची गरज आधी मलाच लागते की काय असं वाटलं. एका घरी तुळस नव्हती, तिथल्या चाचींनी पुदिना पुढे केला. “इसमें डालो, हरा तो हरे में जाएगा.” उरलेलं कंपाउंडच्या नारळांना. प्लंबर खाली बसून बादल्या मोजत होता, एकही उचलत नव्हता. “पुन्याचा काम हाय, शेठ,” तो म्हणाला. “मी कशाला मधी येऊ?”

पुढे पंधरा दिवसांत त्या एकतीस तुळशी अशा फोफावल्या की दारं उघडेनात. शेवाळाचं खत म्हणजे काय असतं ते मी कारखान्यात वाचलं होतं, पण कोण ऐकणार. आत्याने फक्त माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

प्रश्न उरला शेवटच्या तांब्याचा. तो मी ओट्यावर ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. तळाशी हिरवा लगदा, वर काहीतरी वळवळतंय. हे मी झाळून देव्हाऱ्यात ठेवायचं आणि एक दिवस माझ्या हाताने आत्याच्या तोंडात घालायचं. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात, पण हे पाणी तिला पाजायची छाती मला झाली नाही. मी तांब्या गुपचूप आमच्या तुळशीत रिकामा केला. नळाचं पाणी वीस मिनिटं खळखळून उकळलं, गाळलं, निववलं, गडूत भरलं, आणि प्लंबरकडून तोंड झाळून घेतलं. झाळताना तो गालात हसत होता. आत्याने गडू हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला, आणि देव्हाऱ्यात ठेवला. मला दोन रात्री अन्न गोड लागलं नाही.

मग टाकी. निवळी घातली, खड्ड्यांतून फाटकापर्यंत नेली, परत आणली, रात्रभर ठेवली, तीनदा विसळली, पाइप बदलला, आणि टाकीला बाहेरून काळा रंग दिला. प्लंबर म्हणाला, “आता परदेशी दिसत न्हाय.” बायकोने आत वाकून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि मुलीचे फ्रॉक पिशवीत भरायला घेतले.

प्रवासाचं काय सांगू. आत्या पलंगावर पाय लांब करून राणीसारखी आडवी झाली होती आणि दर अर्ध्या तासाने विचारायची, “गाडा थांबला का?” कारण चढावर तो चालू असतानाही तसंच वाटायचं. आमच्यापुढे एक म्हैस घाट चढून गेली. वाटेत आत्याने पाय मारून एक पेला पाणी घेतलं, प्यायली, विचार केला, आणि म्हणाली, “चव नाही.” पाण्याला याच्याहून मोठी पदवी तिच्याकडे नव्हती. गावी पोचेपर्यंत कुणाला साधी ढेकरही आली नाही.

देवीची ओटी भरली. मुलीने प्रसादाचा नारळ मागितला, न मिळाल्यावर पुजाऱ्याला चावली. मग बायको तिला घेऊन देवळामागच्या झऱ्याकडे गेली आणि आत्या देवळाच्या पायरीवर टेकली. पिशवीतून तिने गडू काढला. तो तिने सोबत आणला होता, वाटेत काही झालं तर म्हणून. लुगड्याच्या पदराने तो पुसत ती म्हणाली, “ओटी झाली. आता हा आहे, तू आहेस. मला घाई नाही, पण काळजीही नाही.”

देवी समोर, आत्या शेजारी, गडू मधे. माझ्याच्याने राहवेना.

“आत्ये,” मी म्हणालो, “त्या गडूत गंगा नाही. टाकीतला शेवटचा तांब्याही मी तुळशीत ओतला. यात नळाचं आहे. उकळून भरलंय.”

आत्या गडू पुसत राहिली. हात थांबला नाही.

“आधीच्यातही नळाचंच होतं,” ती म्हणाली. “स्टो दुरुस्त करणारा आला होता त्याच्याकडून झाळून घेतलेलं.”

“मग सासूबाईंनी आणलेली गंगा? ती कुठे गेली?”

तिने गडू पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद बांधले.

“तुझे सासरे घर बघायला आले,” ती म्हणाली, “त्या दिवशी चहाला पाणी नव्हतं.”